दोन पेट्यांचं दार

इस्लामपूर
६ जानेवारी २०२५

हवालदार उदयसिंह यांस,

तुमी फोन उचलत न्हाई. महिना झाला, तुमचा नंबर लावला की एकदा वाजतंय आन् बंद पडतंय. वीरधवल भाऊजी म्हणाले, "वहिनी, दादानं ब्लॉक केलंय तुमाला." बरं केलं. आता कागद धाडते. कागद फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस एकदा तरी बघतोच.

रडगाणं लिवायला बसलेली न्हाई. तुमची खुशाली विचारत न्हाई, माझी सांगत न्हाई. एक काम हाय.

साक्षीचा टॅब परवा चार्जिंगला लावला. लॉकडाऊनमधी शाळेसाठी घेतलेला, कोपऱ्यात काच तडकलेला, त्योच. ती गेल्यापासनं कपाटात साड्यांच्या खाली पडून हुता. तिचा त्यो ठोकळ्यांचा गेम, माइनक्राफ्ट, तिनं जिथं सोडला हुता तिथनंच सुरू झाला. मी बोट सरकवलं तर तिचंच बाहुलं चालाय लागलं. निळा फ्रॉक, दोन वेण्या. तिच्या अंगात शिरून मी तिच्याच अंगणात फिरले. काय वाटलं ते लिवत न्हाई.

घराच्या मागं टेकाडाच्या पोटात तिनं एक नवी खोली खणलीया. तुमी बघितलेली न्हाई, मीबी न्हाई. लोखंडी दार, बंद. कडी न्हाई, बटण न्हाई. दाराच्या दोन्ही अंगाला एकेक लाकडी पेटी. डावीवर पाटी, ‘आई’. उजवीवर ‘पप्पा’. दोन्ही रिकाम्या. आन् दाराच्या वर मोठी पाटी लावलीया: ‘दिवाळीला उघडायचं. फोडायचं नाही. आपापल्याच पेटीत टाकायचं. माझी शप्पथ.’

गणपतीच्या आधी ती सारखी म्हणायची, "पप्पा दिवाळीला आले की दोघांना एकदम दाखवणार." मला वाटलं किल्ल्याचं चाललंय. मग गौरी गेल्या आन् ताप आला. पुढचं तुमाला ठाव हाय. म्हंजे, ऐकून ठाव हाय.

रविवारी तुमी तिच्याशी तासतासभर बोलायचा. ह्या दाराचं कायतरी बोलली असंल. पेटीत काय टाकायचं, किती टाकायचं? आठवत असंल तर दोन ओळी लिवा. बाकी माझ्याशी बोलायची गरज न्हाई.

संयोगिता


१६ फेब्रुवारी

हवालदारसाहेब,

तुमचं कार्ड मिळालं. ‘भिंत फोड आणि बघ. नाहीतर तो टॅब वीरधवलकडं दे.’ झालं. खाली सहीबी न्हाई. बसा तिथं उंटावरनं शेळ्या हाकत.

फोडायला काय लागतं हो? तिच्या पेटाऱ्यात कुदळ हाय. दोन घाव घातले की भिंत रिकामी. ते मला तुमच्याकडनं शिकायला नको. पण पाटीवर तिनं शप्पथ घातलीया. जित्तेपणी तिचा शब्द मोडला तर दोन-दोन दिवस अबोला धरायची. आता तिच्याकडं अबोल्याशिवाय दुसरं हाय तरी काय? मी फोडणार न्हाई. टॅबबी देणार न्हाई.

मेच्या सुट्टीत तुमी आला हुता तवाचं आठवतं का? तिनं दोन पेट्या मांडल्या हुत्या, एक माझी, एक तुमची, आन् दोन दिवे. ज्याची पेटी जास्त भरलेली त्याचा दिवा लागणार. तुमी तुमच्या मोबाईलवरनं तिच्या गेममधी शिरलात, मी तिच्या शेजारी बसून टॅबवर. मी खेळातबी गहू पेरला, भाकरी केल्या. ती पाव म्हणायची, मी भाकरीच म्हणायची. "आई, तू हितंबी भाकरीच बडवती गं," म्हणून किती हसली. बडवणारच की. पोरांच्या मेसला पहाटे दीडशे भाकरी जातात माझ्या घरनं, दुसरं काय येणार मला?

मी जीव तोडून चौसष्ट भाकरी टाकल्या. तुमी मोबाईलवर अंगठा फिरवत, चहा पीत एक तलवार टाकली. आन् दोन्ही दिवे लागले! मी भडकले. म्हणलं, चौसष्ट भाकरी आन् एक तलवार, सारखं? ह्यो कुठला न्याय?

ती काय म्हणाली ते मला शब्द न् शब्द आठवतंय. "आई, पेटी मोजत न्हाई. पेटी फक्त बघती, जागा किती भरली. पेटीत घरं असत्यात. भाकरी एका घरात चौसष्ट रचून बसतात. तलवार रचता येत न्हाई, एका घरात एकच. म्हणून पप्पांची एक आन् तुझ्या चौसष्ट, दोघांचं एकेकच घर भरलं." तुमी मिशीला पीळ देऊन माझ्याकडं बघितलं. तुमाला गंमत वाटली.

मला न्हाई वाटली. जेवताना मी बोललेच, की ह्या घरात कायम असंच. वर्षभर मी राबायचं आन् तुमी एक सुट्टी टाकायची, की झाली फिट्टंफाट. तुमी ताट सरकवून म्हणालात, "मी तिथं बर्फात हाडं गोठवतोय, त्याला कोण मोजणार?" आमटीत चपाती बुडवून ती तशीच बसलेली. मग उठून गेली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही दिवे न्हाईत. विचारलं तर म्हणाली, "काढले. तुमी तिथंबी भांडता."

ही खोली तिनं त्याच्यानंतरच बांधाय घेतली. आत्ता लिवता लिवता कळलं मला.

संयोगिता


३० मार्च, पाडवा

साक्षीचे पप्पा,

गुढी उभारली न्हाई. वर्ष झालं न्हाई अजून, म्हणून. शेजारच्या काकूंनी पुरणपोळी आणून दिली, ती तशीच झाकून ठेवलीया.

मला दाराचं गणित उलगडलं. तुमाला सांगते, न्हाईतर कुणाला सांगू? मेसमधल्या पोरांना?

खोलीच्या मागच्या बाजूनं तिनं सगळी वायरिंग उघडीच ठेवलीया. जमिनीवर लाल पूड टाकून रेघा वढल्यात, त्यातनं सिग्नल पळतो. त्या रेघांच्या मधी दोन ठिकाणी एकेक चपटी फरशी, तिच्यावर तीन बारक्या बत्त्या, मागं दोन, पुढं एक. ती फरशी म्हंजे कंपॅरेटर. मी यूट्यूबवर बघून बघून शिकले. हिंदीत सांगणारा एक जण हाय, रेल्वेगत पळतो. एकेक वाक्य थांबवून चार-चार वेळा ऐकलं.

त्याच्या पाठीला पेटी टेकवली की पेटी किती भरली ते त्याला कळतं. रिकामी असली तर शून्य. काहीबी एक वस्तू टाकली तर एक. तिथनं जसजशी भरंल तसं वाढत जातं, आन् ठासून भरली, एका भाकरीचीबी जागा उरली न्हाई, तर पंधरा. मग बगलेतनं दुसरी रेघ आणायची. त्यो मागचा सिग्नल आन् बगलेतला सिग्नल शेजारी धरून बघतो. मागचा कमी पडला की त्यो पुढं सोडतच न्हाई. अर्धा जाऊदे, पाव जाऊदे, तसलं काय न्हाई. गप. बरोबरीचा न्हाईतर जास्त असला तरच जाऊ देतो, आन् मग सगळाच्या सगळा.

आता तिनं काय केलंय बघा. एका कंपॅरेटरच्या पाठीला माझी पेटी, बगलेत तुमची. दुसऱ्याच्या पाठीला तुमची, बगलेत माझी. दोघांनी सिग्नल सोडला तरच दार उघडणार. मी जास्त टाकलं, तर तुमचा गप बसला. तुमी जास्त टाकलं, तर माझा. कुणीबी जिंकला की दार बंद.

बारा वर्षाच्या पोरीनं केलंय हे. आपण भांडत हुतो तवा ती हे करत बसली हुती.

एक कोडं मला आठवडाभर सुटत नव्हतं. आत्ता दोन्ही पेट्या रिकाम्या हायत. म्हंजे सारख्याच की! मग दार का उघडत न्हाई? मला वाटलं पोर चुकली कुठंतरी. मग डोक्यात उजेड पडला. रिकाम्या पेटीचा सिग्नलच शून्य. त्यानं तो पुढं सोडला काय आन् न सोडला काय, दारापातूर काय पोचणार? काहीच न टाकता बरोबरी झाली, तर तिला ती चालत न्हाई.

अजून एक. पुढच्या बत्तीला बोट लावलं की ती पेटती, आन् कंपॅरेटर नुसती तुलना सोडून वजाबाकी कराय लागतो. मागच्यातनं बगलेतलं वजा, उरंल ते पुढं. तिनं दोन्हीकडं ती बत्ती विझलेली ठेवलीया. मी हात लावला न्हाई. तिचं बोट जिथं शेवटचं लागलं तिथं मला लावायचं न्हाई.

वजाबाकी तर आपल्याकडं झालीच. मातीला आलेल्या बायका दारात बसून बोलत हुत्या, ‘आईचं दुःख आईलाच ठाव.’ दुसरी म्हणायची, ‘आगं, बापाला तर तोंडबी दिसलं न्हाई, त्याचं मोठं.’ तुमी तिसऱ्या दिवशी आलात, राख सावडायला. रस्ता बंद हुता, बर्फ पडला हुता, मला ठाव हाय. तरी मी म्हणलं, "आले पाहुणे." आन् तुमी सगळ्यांच्या म्होरं म्हणालात, "घरात असून तुला ताप दिसला न्हाई?"

त्या शुक्रवारी मी भाकरीची ऑर्डर पुरी केली. बास. त्याच्या पुढं मी लिवणार न्हाई.

तुमी तिच्यासाठी वरनं आणलेली जर्दाळूंची पिशवी अजून फ्रिजवर हाय. गाठ सोडलेली न्हाई.

संयोगिता


२० जुलै

अहो,

तीन कागद धाडले, त्या एका कार्डाशिवाय उत्तर न्हाई. ठीक हाय.

मी गेममधल्या तिच्या शेताच्या कडेला अशीच दोन पेट्यांची नक्कल बांधली. ती वायरिंग बघून बघून, तशीच्या तशी. चार वेळा चुकले. एकदा दार सारखं उघडझाप कराय लागलं, मला हसू आलं, आन् हसले म्हणून मग रडू आलं. पाचव्यांदा जमलं.

नकलेत दोन्ही पेट्या माझ्याच, तवा शप्पथ मोडत न्हाई. एका पेटीत एक तलवार टाकली. दुसरीत किती भाकरी टाकाव्या म्हणून मोजून चौसष्ट काढल्या. पण हात चुकून आधी एकच पडली, आन् दार उघडलं.

एकच भाकर! काहीबी एक टाकलं की एक, हे मीच तुमाला लिवलं हुतं, पण डोक्यात त्या चौसष्टच बसलेल्या. मी परत बंद करून बघितलं. एक भाकर, एक तलवार, उघडतं. एक मातीचं ढेकूळ, एक तलवार, उघडतं. पेटी रिकामी नसली म्हंजे त्याला एक मोजतात, आन् एकाला एक बरोबर. मी आपली महिनोन् महिने हिशोब करत बसले, तुमी किती टाकाल, मी किती टाकू. दोघांनी एकेक टाकलं असतं तर भागत हुतं.

खऱ्या दारापाशी जाऊन मी माझ्या पेटीत एक भाकर ठेवली. तुमच्या पेटीला हात लावला न्हाई. लावता आला असता. कोण बघत हुतं? तिच्याच बाहुल्यानं दोन पावलं टाकायची, एक वस्तू ठेवायची. दोन दिवस मी त्या पेटीपाशी जाऊन परत येत हुते. आत काय हाय त्याचं मला याड लागलंय, खरं सांगते. कायतरी असणार तिथं. तिनं काढलेलं, लिवलेलं, आपल्याला दाखवायचं म्हणून ठेवलेलं. तिच्या हातची शेवटची गोष्ट हाय ती.

रजा मिळाली तर या. माझ्यासाठी नको. पेटीत एक कायबी टाका आन् जावा.

संयोगिता


४ सप्टेंबर

अहो,

वीरधवल भाऊजी आत्ता समोर बसल्यात. चहा घेत न्हाईत, मान खाली घालून बसल्यात बिचारे. त्यांनी सांगितलं, तुमी येताय. पितृपंधरवड्यात साक्षीचं वर्षाचं हाय, ते गावी करायचं ठरलंय. आत्याबाईंचा, तुमच्या आईंचा, निरोप हाय की मी आले न्हाई तरी चालंल. भाऊजींनी दोन गोष्टी मागितल्या. एक टॅब. दुसरं, वकिलाच्या कागदावर, फारकतीच्या, सही.

पोटची पोर माझी, आन् तिच्या वर्षाच्या पानाला मी नको! आत्याबाईंना सांगा, पिंडाला कावळा शिवला न्हाई तर मला बोलवू नका म्हणावं.

ऱ्हाऊ द्या. हे खोडत न्हाई, पण वाचून सोडून द्या.

सही करत न्हाई. भाऊजींच्या हातनं न्हाई. टॅब देते.

मला वाटलं हुतं देणार न्हाई म्हणून. भाऊजी म्हणाले, "वहिनी, दादा तिकडं कुणाशी बोलत न्हाई. फोनमधी तिचा एक आवाज हाय, ‘पप्पा कवा येणार’ म्हणून, तेवढा ऐकत बसतो." ते मला ठाव नव्हतं. तुमी कधी सांगितलंत?

तर टॅब चार्ज करून देते. चार्जरची वायर दाबून धरावी लागती, शेजारी एक रबर दिलाय त्यो गुंडाळा. गेम उघडला की ती घराच्या म्होरं उभी असंल. घराला वळसा घालून मागं जायचं. दाराच्या डावीकडं माझी पेटी, तिच्यात एक भाकर हाय. उजवीकडं तुमची. एक कायबी टाका. एकच, जास्त नको. दार उघडंल.

आत जावा. काय हाय ते बघा. जमलं तर मला लिवून कळवा. कळवलं न्हाई तरी चालंल. कुणीतरी तिचं ते बघितलं पायजे, दिवाळी होऊन गेली, दुसरी आली. मला दिसलं न्हाई तर न्हाई दिसलं. मी तिला बारा वर्षं रोज बघितलंय. तुमी सुट्ट्या जोडून बघितलंय तिला. तवा हे तुमी बघा.

हे मी मोठेपणानं लिवत न्हाई हां. रडत रडत लिवतेय, भाऊजी भिंतीकडं बघत बसल्यात.

टॅबबरोबर जर्दाळूबी देते. पानावर ठेवा.

संयोगिता


२८ सप्टेंबर

हवालदार उदयसिंह यांस,

टॅब परत पोचला. तुमी परवा गाडी धरलीत म्हणे. इस्लामपूरच्या स्टँडवरनंच गेला असणार. माझ्या घरापासनं ते स्टँड किती लांब हाय ते तुमाला ठाव हाय.

भाऊजी सांगत हुते, तुमी रजाभर घराबाहेर पडला न्हाई. वर्षाचं झालं, भटजी गेले, पाहुणे गेले, आन् तुमी ट्रॅक्टरच्या शेडात खाट टाकून टॅब घेऊन बसलात. आत्याबाई जेवाय हाका मारून दमल्या. विचारलं की म्हणायचा, "लोखंड खणतोय." त्यांना वाटलं पोराच्या डोक्यावर परिणाम झाला.

मी उघडलं. दार बंद!

तुमची पेटी उघडून बघितली. नुसतं बघितलं, हात लावला न्हाई. तलवारी. पयल्या घरापासनं शेवटच्या घरापातूर तलवारी. जागा म्हणून शिल्लक न्हाई. मी काय लिवलं हुतं? एकच टाका, जास्त नको. तुमाला एक लिवलेलं कळत न्हाई? का मला दाखवायचं हुतं, की बघ, तुझी एक भाकर आन् माझं हे एवढं? तिच्या दारातबी तुमाला जिंकायचंच हुतं?

जिंकलात. घ्या. तुमचं पंधरा, माझं एक. दार बंद.

मी हात जोडते तुमाला. मेलेल्या पोरीशी तरी खेळू नका.


२९ सप्टेंबर

वरचा कागद फाडणार हुते. न्हाई फाडत. लिवलं ते लिवलं.

आज परत गेले. वायरिंग कुठं तुटली का बघावं म्हणून खोलीच्या मागं गेले, तर तिथं भिंतीला एक नवी पाटी. तिची न्हाई. तुमच्या त्या कार्डागत तुटक वाक्यं. तुमची हाय.

‘पहिल्या तलवारीला दार उघडलं. एकट्याला आत जाववेना. लावून घेतलं.’

मी किती वेळ ते वाचत बसले मला ठाव न्हाई. भाकरीचं पीठ मळून ठेवलेलं वाळून गेलं.

अहो, तुमच्यासमोर दार उघडं हुतं. एक पाऊल टाकायचं हुतं फक्त. मी नऊ महिने ज्याच्यासाठी तळमळले ते तुमच्या म्होरं उघडं, आन् तुमी गेला न्हाई.

आन् मग मला दुसरं कळलं. दार लावायचंच हुतं तर ती तलवार काढून घ्यायची. एका बोटाचं काम. पण मग तुमची पेटी रिकामी झाली असती. माझी एक भाकर तिथं एकटी ऱ्हायली असती. तुमी काढून घेतली न्हाई. दुसरी टाकलीत. तुमचं जास्त झालं, तवा दार मिटलं. आन् मग रजाभर लोखंड खणून, तलवारी करून करून भरत बसलात.

मी काल काय काय लिवलं. वीरधवल भाऊजींच्या हातात तुमी चिठ्ठी दिली असती तर? पण तुमी कुठले देताय. सगळं भिंतीच्या मागं नेऊन लिवायचं, कुणाला सापडलं तर सापडलं. लग्नापासनं असंच हाय तुमचं.

लय वाईट वाटतंय. तुमच्यासाठी वाटतंय. पयल्यांदाच वाटतंय, तुमच्यासाठी.

संयोगिता


१७ नोव्हेंबर

अहो,

दिवाळी झाली. फराळ केला न्हाई, पण दारात एक पणती लावली.

ह्या दीड महिन्यात मी काय करत हुते सांगते. सकाळी मेसच्या भाकऱ्या, दुपारी तिच्या शेतात गहू. तिनं घराच्या म्होरं पाण्याच्या कडेनं वाफे करून ठेवलेलेच हुते, मी टेकाडापातूर वाढवले. पेरायचं, वाट बघायची, कापायचं, परत पेरायचं. तीन ओंब्यांची एक भाकर. हिकडं खऱ्या उसाला तोडी आल्यात, रस्त्यानं ट्रॅक्टर धडधडत्यात, आन् मी आपली टॅबवर गहू कापतेय. शेजारच्या काकू म्हणाल्या, "संयोगिता, भाकरीनं पोट भरंना व्हय गं तुझं?"

तुमाला एका तलवारीनं एक घर भरतं. मला चौसष्ट भाकरी लागतात. गेल्या साली मे महिन्यात त्याचा राग आला हुता. आता न्हाई येत. तुमीबी त्या तलवारी काय आकाशातनं काढल्या न्हाईत. भुयारं बघितली मी तुमी खणलेली. किती खोल गेलाय हो. जागोजागी बत्त्या लावत गेलाय, परत येताना वाट सापडावी म्हणून.

माझी पेटी भरलीया. एक घर सोडून सगळी घरं गच्च. त्या शेवटच्या घरात त्रेसष्ट भाकरी हायत. एक कमी. एवढ्यानंबी माझं माप चौदावर अडून ऱ्हातंय आन् तुमचं पंधरा हाय, म्हणून दार बंद हाय. ती एक भाकर टाकली की दोन्हीकडं पंधरा. मग कुणाचं कमी न्हाई, कुणाचं जास्त न्हाई, आन् ते दार उघडंल.

ती भाकर आत्ता तिच्या बाहुल्याच्या हातात हाय. पेटीच्या म्होरं तिला उभी करून मी टॅब बंद केलाय. मला एकटीला टाकता येत हुती. माझ्याच पेटीत माझीच भाकर, शप्पथबी मोडत नव्हती. बोट नेलं हुतं मी. पण मलाबी एकटीला आत जाववायचं न्हाई. तुमाला न्हाई जाववलं, तसंच.

वकिलाचा कागद डब्यावर ठेवलाय. त्याच्यावर सही करायची असली तर करीन, तुमच्या समोर बसून करीन, भांडणार न्हाई. पण आधी दार. आत काय हाय मला ठाव न्हाई. एखादं चित्र असंल, न्हाईतर नुसत्या दोन खुर्च्या मांडल्या असतील. काय असंल ते बघून दोघांनी रडायचं, एवढं एकदा झालं पायजे. गेल्या साली तुमी गावातल्या घरात रडलात आन् मी हिकडं. तिला ते आवडलं नसतं.

रजा कवा मिळंल तवा या. उन्हाळा झाला तरी चालंल. घराची किल्ली काकूंकडं असती, मी मेसला गेलेली असले तर घ्या. आत जाऊन बसा. चहाची भांडी जुन्याच जागी हायत.

तोवर मी टॅब रोज चार्ज करून ठेवते. गेम उघडत न्हाई. ती तिथं भाकर घेऊन उभी हाय.

तुमी आल्यावरच टाकीन.

साक्षीची आई